प्रयोगशाळेतली कँडल घरात कशी आली

फिल्टरची पांढरी कँडल ब्रशने घासली की वरचा तपकिरी, बुळबुळीत थर निघतो आणि खालची पांढरी माती पुन्हा उघडी पडते. हा बुळबुळीत थर लक्षात ठेवा, कारण पाणी गाळण्याच्या इतिहासात त्याचा वाटा मोठा आहे.

लंडनमध्ये चेल्सीच्या पाणी कंपनीसाठी जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये वाळूचे संथ गाळणे उभारले. हेतू साधा होता: थेम्सचं गढूळ पाणी निवळावं. वाळूच्या पृष्ठभागावर जिवंत चिकट थर साचतो आणि जंतू अडवण्याचं बरंचसं काम तोच करतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. पुरावा मिळाला तो १८९२ मध्ये. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचं पाणी न गाळताच पुरवत होतं, तिथे कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं दगावली. त्याला अगदी खेटून असलेल्या आल्टोनात मात्र त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून येई, आणि ते गाव बरंचसं वाचलं.

कँडलची गोष्ट निराळी. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांना प्रयोगांसाठी जंतूमुक्त पाणी हवं होतं. त्यासाठी त्यांनी १८८४ मध्ये बिनझिलईच्या चिनी मातीची नळी, म्हणजेच कँडल, वापरली. तिच्या छिद्रांतून जिवाणू जात नसत. पुढे रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशाच कँडलमधून गाळला, तरी त्याने रोग पसरलाच. विषाणूंचा शोध लागला तो असा, कँडल कमी पडली म्हणून! घरात आलेल्या कँडलला आणखी एक खोड होती. वाळूवर उपयोगी पडणारा चिकट थर इथे छिद्रं बुजवतो, आणि सफाई टाळली तर जंतूंना आयतं घर मिळतं.

अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्ये पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली. ही पद्धत जसजशी पसरली, तसा जंतूंचा भार नळाच्या मागे गेला. घरच्या फिल्टरकडे उरला क्लोरीनचा वास, त्यासाठी असली द्रव्यं शोषून घेणारा सक्रिय कोळसा आला. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या योहानेस रूक यांनी दाखवलं की पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. मग कोळशाला नव्याने भाव आला.

आरओचं, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळण्याच्या पद्धतीचं, मूळ तर घरापासून आणखी लांबचं. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास असा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, केली, ती खारं पाणी गोडं करण्यासाठी. १९६५ मध्ये ती कोअलिंगा गावात लागली. तिथलं भूजल इतकं मचूळ की पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागे. तीच मेम्ब्रेन आज धरणाच्या गोड्या पाण्यालाही सर्रास लावली जाते. ज्या क्षारांसाठी ती घडवली ते तिथे फारसे नसतातच, आणि लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं ते वेगळंच.