ॲपसोबत लिबकर्ल: अँड्रॉइडवर बांधून नेलेल्या नेटवर्क लायब्ररीची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी आहे का हे ठरवताना फोन ज्यावर विसंबतो त्या मूळ दाखल्याची, मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं वापरणाऱ्या साइट्स जुन्या फोनवर त्याच्याच भरवशावर उघडत होत्या, कारण अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या फोनना लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं रूट ठाऊकच नव्हतं. तरीही त्या दिवसानंतर जुन्या फोनवरचा ब्राउझर चालत राहिला. अँड्रॉइड आपल्या साठ्यातल्या रूटची मुदत तपासत नाही हे हेरून लेट्स एन्क्रिप्टने आपल्या रूटवर त्या जुन्या रूटची सप्टेंबर २०२४पर्यंतची सही (क्रॉस-सही) आधीच मिळवून ठेवली होती. ज्या ॲपने मात्र ओपनएसएसएल १.०.२ (सुरक्षित जोडणी करून देणारी लायब्ररी) आणि सर्टिफिकेटांची जुनी फाइल आपल्याच पोटात ठेवली होती, त्याला त्याच फोनवरून त्याच सर्व्हरशी बोलता येईना. ओपनएसएसएल मुदत तपासते. हे असं का व्हावं, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

लिबकर्ल ज्यातून निघाली त्या कर्लचं, म्हणजे वेबवरून माहिती आणणाऱ्या प्रोग्रामचं, मूळ 'एचटीटीपीगेट' नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये आहे. तो ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी लिहिला होता. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९६च्या अखेरीस तो हाती घेतला, कारण चॅटवरच्या त्यांच्या बॉटला चलनांचे दर वेबवरून उचलून आणायचे होते. २० मार्च १९९८ रोजी त्याचं नाव 'कर्ल' झालं आणि २०००मध्ये त्यातला गाभा 'लिबकर्ल' या लायब्ररीच्या रूपात वेगळा निघाला. सगळं शुद्ध सी भाषेत असल्याने सी कंपायलर असेल तिथे ती पोचली. लिनक्सवर तिची काळजी वितरण करणारे घेतात: एक पॅकेज अपडेट केलं की त्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम एकदम सुधारतात. फोनवर ही सोय नव्हती, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथूनच निघाल्या असं मला वाटतं.

अँड्रॉइड १.० सप्टेंबर २००८मध्ये आलं तेव्हा ॲप लिहायची भाषा जावा होती. सी आणि सी++ साठीचा साधनसंच, एनडीके, जून २००९मध्ये आला. त्यात लिबकर्ल नव्हती, ओपनएसएसएलही नव्हती. तरी लोकांना सी++ कडे वळावंसं वाटण्यामागे खरी कारणं होती. एक म्हणजे जावाकडचा नेटवर्क कोडच कच्चा होता. अँड्रॉइड २.२च्या आधी 'एचटीटीपीयूआरएलकनेक्शन'मध्ये असा दोष होता की वाचता वाचता स्ट्रीम बंद केला तर साठवलेली जोडणीच नासून जाई. गूगलने स्वतः २०११मध्ये सल्ला दिला की जुन्या आवृत्त्यांवर अपाचेचा क्लायंट वापरा, २.३पासून पुढे एचटीटीपीयूआरएलकनेक्शन वापरा. दुसरं कारण गेम आणि दोन्ही प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या ॲपचं: आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे एकच सी++ गाभा ठेवला तर काम निम्मं होईल ही आशा. ड्रॉपबॉक्सने २०१३पासून हाच मार्ग धरला होता. २०१९मध्ये त्यांनी तो सोडला आणि सामाईक कोडचा छुपा खर्च किती येतो ते मोकळेपणाने लिहिलं.

एनडीकेमध्ये ओपनएसएसएल नसली तरी फोनच्या सिस्टिम फोल्डरमध्ये 'लिबक्रिप्टो' आणि 'लिबएसएसएल' या तिच्याच दोन लायब्रऱ्या होत्याच. मग अनेकांनी त्यांनाच थेट लिंक केलं. आकार वाचला, काम झालं. पण ती फोनची खासगी मालमत्ता होती, कुणाला वचन देऊन ठेवलेली नव्हती. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला सुरक्षेचा दोष उघडकीला आला. फोनची स्वतःची ओपनएसएसएल अँड्रॉइड ४.१.१मध्ये बाधित होती, पण ज्यांनी सदोष १.०.१ आपल्या ॲपमध्येच कंपाइल करून दिली होती, त्यांच्या ॲपमध्ये तो दोष फोन कोणताही असला तरी सोबत जात होता. त्याच वर्षी गूगलने बोरिंगएसएसएल ही स्वतःची फांदी काढली आणि अँड्रॉइड ६.०पासून फोनमध्ये ओपनएसएसएलच्या जागी ती बसली. तिच्यातली फंक्शनं हुबेहूब तशीच राहतील याची हमी नव्हती. २०१६च्या अँड्रॉइड ७.०मध्ये लिंकरनेच (ॲपला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या भागाने) दार लावलं: एनडीकेच्या यादीत नसलेल्या सिस्टिम लायब्रऱ्या ॲपला लोड करता येईनाशा झाल्या. फार वापरात असलेल्या काही लायब्रऱ्यांना जुन्या ॲपपुरती सवलत मिळाली, त्यात या दोन्ही होत्या. उरलेल्यांना 'अनसॅटिस्फाइडलिंकएरर', म्हणजे लायब्ररी जोडता न आल्याची चूक.

मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्याचा अर्थ असा की त्यानंतर ज्याला लिबकर्ल हवी, त्याने टीएलएसचा (सुरक्षित जोडणीच्या कोडचा) शिधा घरूनच बांधून न्यायचा, आणि तो शिळा होतो. २०१६मध्येच गूगल प्लेने जुनी, सदोष ओपनएसएसएल असलेल्या ॲपची अपडेट अडवायला सुरुवात केली. तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपण घेतलेल्या तिसऱ्याच कुठल्या एसडीकेमध्ये (तयार कोडच्या संचामध्ये) ओपनएसएसएल दडलेली आहे.

नावावरून पत्ता शोधण्याची गोष्ट अधिक बारीक आहे, आणि तिने पुष्कळांच्या रात्री खाल्ल्या आहेत. लिबकर्लला पत्ते शोधायला 'सी-एरेस' ही लायब्ररी जोडता येते, म्हणजे उत्तर येईपर्यंत थ्रेड अडकून पडत नाही. सी-एरेसला डीएनएस सर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे) कोणते ते आधी माहीत हवं. लिनक्सवर ते एका फाइलीत असतं. अँड्रॉइडवर तशी फाइल नाही, म्हणून सी-एरेस 'नेट.डीएनएस१' अशा सिस्टिम प्रॉपर्टी वाचायची. २०१७च्या अँड्रॉइड ८.०ने त्या ॲपपासून काढून घेतल्या. तोच कोड, तीच .एसओ (कंपाइल केलेल्या लायब्ररीची) फाइल, आणि नव्या फोनवर पत्ता सापडेना. २०१८मध्ये सी-एरेसने अँड्रॉइडसाठी वेगळी सुरुवात लिहिली: जावाकडचा 'कनेक्टिव्हिटीमॅनेजर' जेएनआयमधून (जावा आणि सी यांना जोडणाऱ्या दुव्यातून) आत द्यायचा आणि सर्व्हर त्यालाच विचारायचे. म्हणजे जावा टाळायला सी निवडली, आणि नेटवर्क कुठे आहे हे विचारायला परत जावाकडेच यावं लागलं. ज्यांनी साध्या 'गेटॲड्रइन्फो'वर भिस्त ठेवली होती त्यांना काहीच झालं नाही, कारण ते फंक्शन विचारणा फोनच्या नेटवर्क सेवेकडेच पाठवतं.

आयफोनकडे अशीच एक कडक पायरी १ जून २०१६ची: फक्त आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असलेल्या नेटवर्कवर ॲप चाललंच पाहिजे ही ॲपलची अट. कोडमध्ये चार आकड्यांचा जुन्या पद्धतीचा पत्ता थेट लिहून ठेवणारे तिथे अडकले. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि आयपीव्ही६ हा पुस्तकातला विषय राहिला नाही.

बाकी खर्च आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या जातींचा. आर्म ३२ बिट, आर्म ६४ बिट, एक्स८६ अशा प्रत्येकासाठी वेगळी प्रत. १ ऑगस्ट २०१९पासून प्लेवर ६४ बिट प्रत सक्तीची झाली. २०१८मध्ये एनडीकेमधून जीसीसी हा कंपायलर गेला, क्लँग उरला, आणि जुन्या बिल्ड स्क्रिप्ट कोलमडल्या. २०२०मध्ये 'प्रीफॅब' ही तयार सी/सी++ लायब्रऱ्या जोडण्याची सोय आल्यावर गूगलने कर्ल आणि ओपनएसएसएल तयार पॅकेजच्या रूपात दिल्या, म्हणजे ग्रेडल या बिल्ड साधनात एक ओळ लिहून त्या मिळू लागल्या. त्याआधी प्रत्येक टीम आपापली स्क्रिप्ट जपून ठेवायची, आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला की लायब्ररी त्याच आवृत्तीवर थिजायची.

आता १६ केबी पानांची (मेमरीच्या तुकड्यांच्या आकाराची) अट आली आहे: अँड्रॉइड १५ किंवा पुढचं लक्ष्य धरणाऱ्या ॲपमधली प्रत्येक ६४ बिट .एसओ फाइल त्या आकाराला जुळवलेली असावी लागते, म्हणजे जुनी असेल तर पुन्हा लिंक करावी लागते. निव्वळ कोटलिन किंवा जावामधल्या ॲपला या अटीचा फरक पडत नाही. ज्यांच्याकडे सोर्स नसलेली, कुणा पुरवठादाराने कधीकाळी दिलेली बायनरी आहे, त्यांची खरी कोंडी इथे आहे.

दरम्यान फोन स्वतः पुढे सरकला. अँड्रॉइड १४पासून रूट सर्टिफिकेटांचा साठा पूर्ण सिस्टिम अपडेटची वाट न पाहता गूगल प्लेवरून बदलता येतो, आणि क्रोमच्या नेटवर्क कोडवर उभा असलेला 'एचटीटीपीइंजिन' थेट प्लॅटफॉर्ममध्ये मिळतो. ज्या ॲपचा गाभा सी++मध्येच आहे त्यांना लिबकर्ल अजूनही लागते आणि पुढेही लागेल. त्यांच्या ॲसेट्स फोल्डरमधली 'सीएसर्ट.पेम' ही सर्टिफिकेटांची फाइल मात्र तेव्हाच बदलते, जेव्हा कुणीतरी ती हाताने बदलून नवी आवृत्ती पाठवतं.