राग गिळणं वेगळं, रागाचा अर्थ बदलणं वेगळं

"जरा वेगळ्या नजरेने बघ ना!" हा सल्ला बहुतेकदा "गप्प बस, सहन कर" याच अर्थाने दिला जातो, म्हणून ऐकणारा आणखी चिडतो. मेंदूच्या पातळीवर मात्र सहन करणं आणि नजर बदलणं या दोन निराळ्या क्रिया आहेत. त्यांच्या वेळा निराळ्या आणि परिणामही जवळजवळ उलटे.

ऑफिसातला रोजचा प्रसंग घ्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा रिपोर्ट परत करून आणा." कानावर पडले ते एवढेच शब्द. पण डोक्यात पोहोचेपर्यंत त्यांचं "चारचौघांत माझी लायकी काढली" असं झालेलं असतं. भावना उठते ती या दुसऱ्या वाक्यावर. तिथपासून पुढे दोन वाटा फुटतात. पहिली, राग येऊ द्यायचा आणि चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. दुसरी, ते दुसरं वाक्यच तपासायचं. या दुसऱ्या वाटेला मानसशास्त्रात पुनर्मूल्यांकन म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ फिलिप गोल्डिन, जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 17 स्त्रियांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो ते टिपणारं यंत्र) 15 सेकंदांच्या किळसवाण्या चित्रफिती दाखवल्या. काही चित्रफिती पाहताना दृश्याचा अर्थ बदलून पाहायचा होता, तर काहींच्या वेळी चेहरा निर्विकार ठेवायचा होता. अर्थ बदलताना कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पहिल्या साडेचार सेकंदांतच कामाला लागला, आणि अमिग्डला व इन्सुला या भावनांशी निगडित भागांची हालचाल कमी झाली. चेहरा आवरताना तोच कॉर्टेक्स 10.5 ते 15 सेकंदांच्या टप्प्यात, म्हणजे उशिरा जागा झाला. चेहरा शांत दिसला खरा, पण अमिग्डला आणि इन्सुलाची हालचाल वाढली. भावना गिळणाऱ्याचं आतून काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

आता सगळ्यात सुंदर भाग. अनेक वर्षं असं चित्र रंगवलं जायचं की प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे ब्रेक आणि अमिग्डला म्हणजे सुसाट गाडी. पण कॉर्टेक्सच्या ज्या बाहेरच्या बाजूच्या भागांवर या कामाचा भार असतो, त्यांचे अमिग्डलाशी थेट मज्जातंतू फार विरळ आहेत. मग ब्रेक लागतो कसा? 2014 साली जेसन बूल आणि सहकाऱ्यांनी पुनर्मूल्यांकन करतानाच्या मेंदूच्या 48 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. पुनर्मूल्यांकनाच्या वेळी प्रीफ्रंटल आणि पॅरिएटल (डोक्याच्या वरच्या, मागच्या बाजूच्या) भागांबरोबर कानाच्या वरचा, शब्द आणि वस्तूंचे अर्थ सांभाळणारा टेम्पोरल भागही सक्रिय झालेला दिसला. त्यावरून त्यांनी मांडलेला मार्ग असा: कार्यकारी स्मृती (हातातल्या कामापुरती माहिती मनात धरणारी) जुना अर्थ धरून ठेवते, पर्यायांतून नवा निवडते, टेम्पोरल भागातलं अर्थाचं चित्र बदलतं आणि अमिग्डलाकडे हे बदललेलं चित्र जातं. थोडक्यात, अमिग्डलाला कोणी दटावत नाही. तिला मिळणारी बातमीच बदलते.

म्हणूनच नवा अर्थ स्वतःला पटणारा हवा. आरशासमोर "मी आनंदी आहे" असं एकवीस वेळा म्हटल्याने किंवा "ब्रह्मांडाकडे मागा, ते देईल" असं घोकल्याने हे काम होत नाही. ज्यावर आपलाच विश्वास नाही, ते वाक्य जुन्या अर्थाची जागा घेऊ शकत नाही. असे खेळ शिबिरांतून पैसे घेऊन विकले जातात, याचा संताप येतो.

पटणारा अर्थ शोधायची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडायला सुरुवात केली. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते, आणि ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सोप्या भाषेत अनेकांपर्यंत पोहोचवली आहे. कागदावर तीन रकाने करा: घटना, धारणा (तिचा आपण लावलेला अर्थ), परिणाम (त्यातून आलेली भावना आणि वागणं). घटनेच्या रकान्यात कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच लिहा. "साहेबांनी अपमान केला" ही घटना नव्हे, "रिपोर्ट परत करून आणा, असं म्हणाले" ही घटना. इथेच बहुतेकांचं चुकतं. धारणेत "च" शोधा: "सगळ्यांनी माझ्याशी नीट बोललंच पाहिजे." तो काढून "बोलले तर बरं वाटेल" असं लिहा. मग त्याच घटनेचे निदान तीन पर्यायी अर्थ लिहून त्यातला पुराव्याला धरून असलेला निवडा. हे करताना "मी" ऐवजी स्वतःचं नाव वापरून स्वतःशी बोलावं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या 2014च्या प्रयोगांत अशा बोलण्याने भाषण देण्याचा ताण कमी झाला होता.

वेळ मात्र साधावी लागते. कँडेस राइओ आणि सहकाऱ्यांच्या 2013च्या प्रयोगात लोकांना अर्थ बदलून भीती आटोक्यात ठेवायचं तंत्र आधी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी काहींना बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं हात बुडवायला लावला. त्यांना ते शिकलेलं तंत्र वापरता आलं नाही. ताणाने कॉर्टेक्सचं काम मंदावतं, आणि पुनर्मूल्यांकनाचा सगळा भार तर त्याच्यावरच असतो. हात थरथरत असतील तेव्हा रकाने भरायला बसू नका. आधी लक्ष दुसरीकडे न्या: शंभरातून सात-सात वजा करत जा, जिना उतरून या. कागद त्यानंतर.

आणखी एक अट सहसा सांगितली जात नाही. ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांना 2013 साली आढळलं की ज्यांना पुनर्मूल्यांकन चांगलं जमतं त्यांच्यात, परिस्थिती हाताबाहेरची असेल तेव्हा नैराश्य कमी दिसतं. पण परिस्थिती बदलणं हातात असेल, तर त्याच कौशल्याबरोबर नैराश्य जास्त दिसतं. पावसात लोकल ठप्प झाली असेल तर नजर बदला. वरच्या मजल्यावरून भिंतीत पाणी झिरपत असेल, तर सोसायटीला लेखी तक्रार द्या आणि प्लंबरला बोलवा. साहेब दर आठवड्याला खरोखरच अपमान करत असतील, तर तीन रकान्यांचा तो कागद तारखा घालून जपून ठेवा. तक्रार करताना त्यातला पहिला रकाना उपयोगी पडेल.