सुटलात ना, मग झालं तर!

पश्चिम रेल्वेवरच्या ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली होती. एक जण तर निकालाआधी कोठडीतच वारला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत आत धाडले नाही. पण एकोणीस वर्षांचा हिशेब कोणाकडे मागायचा? याचे उत्तर आपल्या कायद्यात धड कुठे सापडत नाही.

दिवाणी दाव्यात हरणाऱ्यावर खर्च बसतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक असते. फौजदारीत सरकार हरले, तर आरोपीने वकिलाच्या फीसाठी विकलेले दागिने गेले ते गेलेच. खोटी फिर्याद देणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचे कलम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. फिर्यादीने चुकते करावे, सरकारने नाही, ही त्यामागची धारणा.

सरकार सुटते कसे, हे १९६५ च्या एका निकालात दिसते. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी अमृतसरच्या एका व्यापाऱ्याचे शंभर तोळ्यांहून जास्त सोने जप्त केले. हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला! सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे, तेव्हा सरकार देणे लागत नाही. राजा चुकत नसतो, ही कंपनी सरकारच्या काळापासूनची समजूत प्रजासत्ताकातही टिकून राहिली.

तिला पहिला मोठा तडा गेला १९८३ मध्ये. बिहारमधला रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगातच होता. न्यायालयाने त्याला सगळे मिळून ३५ हजार रुपये देववले. रक्कम किरकोळ, पण मूलभूत हक्क मोडला तर तिजोरीतून पैसे निघू शकतात, हे ठरले. पुढे २०१८ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख मिळाले. २०१९ मध्ये नाशिकजवळच्या २००३ च्या एका गुन्ह्यात फाशीच्या छायेत वावरलेल्या भटक्या समाजातल्या सहा जणांना महाराष्ट्र सरकारने प्रत्येकी ५ लाख द्यावेत, असा आदेश झाला. उलट गुजरातेतल्या अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यातून सुटलेल्यांची मागणी फेटाळली गेली. म्हणजे सगळा भार न्यायाधीशांच्या मनावर. दिवाणी दावा लावायचा, तर पोलिसांचा आकस सिद्ध करायचा, तोही सुटकेनंतर वर्षभराच्या आत दाखल करून. वर्षानुवर्षे कोठडीत काढलेल्या माणसाने वर्षभरात एवढे सगळे जमवायचे!

२०१८ च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने २७७ वा अहवाल दिला: अशा दाव्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष न्यायालये असावीत, भरपाई सरकारने द्यावी. मात्र प्रत्येक सुटकेला नव्हे. खटलाच दुष्टबुद्धीने किंवा प्रामाणिकपणा सोडून चालवला असेल तरच. मर्यादा रास्त आहे, नाहीतर पोलीस कोणावर हातच टाकणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात या अहवालाचा मागमूस नाही. खोट्या फिर्यादीवरच्या भरपाईचे जुने २५० वे कलम २७३ झाले. विनाकारण अटक झालेल्याला भरपाई देणारे ३५८ आता ३९९ झाले. तीही भरायची अटक घडवून आणणाऱ्याने, सरकारने नव्हे. तिथली कमाल रक्कम पूर्वी शंभर रुपये होती, २००५ च्या दुरुस्तीने हजार झाली. नव्या संहितेतही ती हजारच आहे.