जट

केस एकमेकांत अडकून, पीळ खाऊन त्यांचा घट्ट गोळा किंवा दोरखंड होतो, त्याला जट म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हा शब्द दवाखान्यापेक्षा देव्हाऱ्याजवळ जास्त ऐकू येतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माने बोलावलं की जट येते, ही जुनी समजूत. एकदा आली की विंचरायची नाही, कापायची तर नाहीच. तेल आणि भंडारा लावून सांभाळायची. जट आलेली मुलगी देवीला सोडण्याचीही रीत होती. बेळगाव मुंबई प्रांतात असताना १९३४ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने स्वतंत्र कायदा १९८२ मध्ये केला. कायद्याने प्रथेला बंदी घातली; जटेची भीती घराघरांतून निघायला मात्र वेळ लागला.

जट कशी होते हे घोंगडी पाहिलेल्याला सांगायला सोपे. केसाचे मूळ त्वचेत असते, तेवढेच जिवंत. बाहेर दिसतो तो केस निर्जीव. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ओले केस तसेच अंबाड्यात बांधले, कडक साबणाने चोळले, महिनोन्‌महिने विंचरले नाहीत की हे खवले उचकटतात आणि एकमेकांत रुततात. लोकर घोटली की दाटते, तसेच. त्यावर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावावी तसा काहीतरी चिकट थर बसला की गुंता सुटण्यापलीकडे जातो.

ही खळ बहुधा डोक्याच्या कातडीतूनच येते. उवा झाल्या की खाज, खाजवून जखमा, जखमांत पू, मग खरपुड्या. केस त्यातच चिकटतात. फणी लागली की दुखते, म्हणून विंचरणे बंद. कोंड्याचेही तसेच. मॅलासेझिया नावाचे यीस्ट सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि त्वचेतल्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला त्याचा त्रास होऊन पापुद्रे सुटतात, खाज येते. भंडाऱ्यासोबत थापलेले तेल या यीस्टला आयते खाद्य. म्हणजे जटेची सेवा म्हणून जे करतात, तेच तिला पोसते. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात लांब केस दिवसभर वाळत नाहीत, तेही मदतीलाच. मानसिक आजारात स्वतःकडे लक्ष राहिले नाही तरी जट होते.

जटेची डोक्याच्या इतर दुखण्यांशी गल्लत करू नये. चाईत गुळगुळीत चकती पडते, कोंडा-खरूज काही नसते. शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णात केस कातडीलगत तुटतात आणि नुसत्या मलमाने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. सोरायसिसमध्ये जाड, चंदेरी खपल्या येतात. केस गळले तरी बहुधा परत येतात. ज्या आजारात मुळाच्या जागी व्रण धरतो तिथे मात्र केस कायमचा जातो.

जटेत मूळ सहसा शाबूत असते. याचा पुरावा डोक्यावरच सापडतो: जट उचलून पाहिली तर कातडीलगतचे बोटभर केस सुटे, मोकळे असतात, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा भाग अजून गुंतलेला नसतो. कात्री नेमकी तिथेच घालतात. रक्त येत नाही, दुखतही नाही. खूप वर्षे वागवलेली जड जट मात्र मुळांना सतत ओढते. मान दुखते आणि ओढीच्या जागी केस कायमचे विरळ होऊ शकतात.

कापल्यावर खाली पांढरे पापुद्रे, कधी लिखा आणि ओलसर जखमा दिसतात. आधी उवांचे औषध, जखम पिकली असेल तर तिच्यावर उपचार, मग कोंड्यासाठी किटोकोनाझोलचा शांपू. तो लावून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा, आठवड्यातून दोनदा. लावल्या लावल्या धुतला तर पैसे पाण्यात. नवे केस येतात ते पूर्वीसारखेच, फणी फिरणारे.