पवनचक्कीचे पाते : निर्मिती व वाहतूक (ठाणे–नवी मुंबई मार्ग)

पवनचक्कीचा वारा झेलणारा अवयव. काचतंतू व इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन यांपासून तो घडवतात; मोठ्या पात्यांच्या कण्यात कार्बन तंतूही घालतात. ६१.५ मी. लांबीचे एक पाते सुमारे १८ टन भरते. एवढा भार साधा ट्रेलरही ओढतो. अडचण आहे ती लांबीची.

काचतंतूच्या पहिल्या मोठ्या पात्याचा मान बहुधा उल्रिख ह्यूटर यांच्या जर्मनीतील डब्ल्यू-३४ या यंत्राला (व्यास ३४ मी., १०० किवॉ., साधारण १९५७-५८) दिला जातो. त्याच सुमारास योहानेस यूल यांनी डेन्मार्कमध्ये गेडसर येथे उभारलेल्या यंत्राच्या पात्यांना पोलादी कणा, लाकडी फासळ्या व ॲल्युमिनियमचा पत्रा होता. तथापि साच्यातल्या आजच्या पात्याची परंपरा डेन्मार्कमधील ट्विंड (१९७८) येथील यंत्रापासून डॅनिश कारखान्यांत आली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाते हबला (पाती जिथे एकत्र येतात त्या मधल्या फिरत्या भागाला) जोडण्याची ह्यूटर यांची रीत ट्विंडनेही घेतली होती, हे मात्र विसरता येत नाही.

पाते दोन अर्ध्या साच्यांत घडते. काचकापडाचे थर अंथरून त्यांत बाल्सा लाकूड किंवा फोम बसवतात, वर प्लास्टिक ताणून हवा खेचतात. त्या निर्वातात रेझिन आत शोषले जाते. प्लास्टिक कुठे गळत असेल तर तिथे कोरडा डाग राहतो. कापडाला सुरकुती पडली तर तंतू वाकतात आणि पुढे तिथूनच तडा जातो. मुळाशी थर जाड असल्याने रेझिन घट्ट होतानाची उष्णता अडकते व ते करपते. दोन्ही अर्धी आणि आतले उभे वेब (आधाराचे पडदे) चिकटवताना मागच्या धारेत पोकळी राहिली, तर पाते तिथे उकलते.

गुजरातेत बनलेले पाते सातारा-सांगलीच्या पठारांकडे न्यायचे, तर अवजड मालाचा नेहमीचा रस्ता घोडबंदर, माजिवडा, मुंब्रा बायपास, शीळफाटा, कळंबोली असा आहे. परवाना ओडीसी (ठरावीक मापांहून मोठ्या) मालाचा. पुढे-मागे पायलट गाड्या. चाल बहुधा रात्रीची. कस लागतो तो वळणांवर. पात्याला दोन आधार असतात, एक मुळाशी व दुसरा टोकाच्या बऱ्याच अलीकडे. आधारांतले अंतर ४० मी. व वळणाची त्रिज्या ६० मी. असेल, तर पात्याचा मध्य आत सुमारे ३.४ मी. सरकतो, त्रिज्या १०० मी. असल्यास २ मी. मागे लोंबणारे टोक त्याच वेळी बाहेर झुकते. म्हणून गायमुखसारख्या घाटवळणावर आतल्या बाजूचे खांब-फलक आणि बाहेरच्या बाजूची झाडे दोन्ही आधी मोजावी लागतात. मागची चाके स्वतंत्रपणे वळवणारा ट्रेलर यासाठीच लागतो. पट्टा आवळताना तो कण्यावर बसला पाहिजे. पातळ मागच्या धारेवर ताण आला की ती चेपते.

न्हावा-शेवा बंदराचा (१९८९) उपयोग कच्च्या मालापुरता अधिक. काचकापड, बाल्सा व रेझिन ४० फुटी कंटेनरमध्ये मावतात, पाते मावत नाही. ते जहाजाच्या डेकवर सुटा माल म्हणूनच न्यावे लागते.