अमेरिकेतील मूलनिवासींचे जनुकीय मूळ

उत्तर व दक्षिण अमेरिकेतील मूलनिवासींचे पूर्वज हिमयुगात सायबीरियाच्या बाजूने तेथे पोचले. तेव्हा समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती आणि आज जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथे बेरिंजिया नावाची विस्तीर्ण भूमी उघडी पडली होती. या पूर्वजांचे रक्त दोन घराण्यांचे आहे. मोठा वाटा पूर्व आशियाई. उरलेला, १४ ते ३८ टक्के, बैकल सरोवराजवळच्या माल्टा येथे २४,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलाच्या लोकांकडून आलेला.

ते दक्षिणेकडे कसे उतरले, हा वाद जुना आहे. चिलीतील मोंते व्हेर्दे येथील वस्ती सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीची मानली जाते. त्या वेळी कॅनडातील हिमस्तरांमधली वाट चालण्याजोगी झालेली नव्हती, म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने होड्यांतून प्रवास झाला असावा, हे मत आता अधिक पटते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणा तर २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीच्या ठरवण्यात आल्या आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोकांचे पूर्वज बरेच नंतरचे.

या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका पुरावा एका तान्ह्या मुलाचा आहे. १९६८ मध्ये मोंटाना राज्यात, अँझिक कुटुंबाच्या जमिनीत, सुमारे १२,७०० वर्षांपूर्वीची त्याची हाडे सापडली. वय जेमतेम एक-दोन वर्षे. हाडांवर लाल गेरू, सोबत क्लोव्हिस या उत्तर अमेरिकेतील प्राचीन शिकारी संस्कृतीच्या पद्धतीची दगडी पाती आणि शिंगांची अवजारे, शंभराहून अधिक. एवढे सगळे ज्यांनी त्याच्यासोबत ठेवले, त्यांना ते मूल किती प्रिय असेल! २०१४ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला आणि आजच्या मूलनिवासींशी, विशेषतः मध्य व दक्षिण अमेरिकेतील जमातींशी, त्याचे थेट नाते दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये जमातींच्या प्रतिनिधींनी त्याला विधिपूर्वक पुन्हा मातीत ठेवले.

१९९६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या ‘केनेविक मानव’ या प्राचीन सांगाड्याच्या वाट्याला हा मान फार उशिरा आला. जमाती त्याला आपला पूर्वज म्हणत होत्या. काही शास्त्रज्ञ कवटीच्या आकारावरून ते नाकारत होते, आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१५ मध्ये डीएनएने जमातींचेच म्हणणे खरे ठरवले. २०१७ मध्ये, सापडल्यापासून एकवीस वर्षांनी, त्यांनी आपल्या पूर्वजाला मूठमाती दिली.