फोन व्हायब्रेट झाल्याचा भास

खिशातला फोन व्हायब्रेट झाला असं वाटतं, घाईघाईने काढून बघावं तर ना कॉल ना मेसेज. कधीकधी तर फोन खिशात नसतोच, समोर टेबलावर पडलेला असतो आणि तरी मांडीला थरथर जाणवते. ह्या भासाला फॅन्टम व्हायब्रेशन म्हणतात. पुढे सिंड्रोम जोडायची पद्धत आहे पण आजार म्हणावं असं त्यात खरंतर काही नाही.

स्मार्टफोन यायच्या आधी पेजर, म्हणजे मेसेज आला की वाजणारं किंवा थरथरणारं छोटं यंत्र, जवळ बाळगणाऱ्यांनाही हे व्हायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या स्टाफची पाहणी छापून आली, त्यात ६८ टक्के लोकांनी हो, आम्हालाही होतं असं सांगितलं, आणि शर्टाच्या खिशात पेजर किंवा फोन ठेवणाऱ्यांना, दिवसभर तो व्हायब्रेटवर ठेवणाऱ्यांना जास्त. २०१२ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांपैकी ८९ टक्क्यांना हा अनुभव होता, सरासरी दोन आठवड्यांतून एकदा, आणि गंमत म्हणजे त्याचा त्रास होतो असं म्हणणारे अगदी थोडे.

आता हे होतं कशामुळे? अंगावर दिवसभर बारीकसारीक काही ना काही चालूच असतं, कापड घासतं, स्नायू फडफडतो, खिशातली किल्ली हलते, आणि मेंदू त्यातलं बहुतेक सगळं सोडून देतो. पण फोनच्या मोटरची थरथर त्वचेला चांगली कळते, रोज जाणवून ती ओळखीची झालेली असते, त्यामुळे तिच्यासारखं जरा काही वाटलं की मेंदू फोन समजून मोकळा होतो. ह्यात त्याचा हिशोब चुकीचाही नाही म्हणा, उगाच खिसा चाचपला तर दोन सेकंद जातात पण महत्त्वाचा कॉल हुकला तर महागात पडतं, मग खोटा इशारा परवडला. म्हणजे आपण फोनची जेवढी वाट बघतोय तेवढ्या सहज मेंदू हा खोटा इशारा देत जाणार. तैवानमधल्या इंटर्न डॉक्टरांचा अभ्यास बघा, इंटर्नशिप चालू झाल्यावर भास होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि ती संपल्यावर पुन्हा उतरलं. कॉल येणारच आणि तो घ्यावाच लागणार अशी नोकरी असेल तर दुसरं काय होणार.

रिंग वाजल्याचा भासही असाच, तो बहुतेक शॉवरखाली किंवा मिक्सर चालू असताना होतो, कारण तेवढ्या आवाजात मेंदूला हवा तो सूर सापडतो.

उपाय साधे आहेत, फोन दुसऱ्या खिशात किंवा बॅगेत ठेवायचा नाहीतर व्हायब्रेट बंद करून रिंग ठेवायची. हॉस्पिटलच्या पाहणीतल्या बऱ्याच जणांचा भास एवढ्यावरच थांबला होता. मनगटावर स्मार्टवॉच बांधलं तर मात्र थरथर मांडीवरून मनगटावर येण्याचीच शक्यता जास्त.